‘पुढे काय बोलू, ताई?’

मे महिन्याची सकाळ. घड्याळात अजून साडेसातही वाजलेले नाहीत, पण क्रांती चौकातला डांबरी रस्ता तापायला लागला आहे. छत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती रिक्षांची, दुचाक्यांची आणि भाजीच्या टेम्पोंची वर्दळ सुरू झाली आहे. त्या वर्दळीतून वाट काढीत एकेक स्कूटर आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन थांबते. मागच्या बैठकीवरून एक मूल उतरते. खांद्याला पाण्याची बाटली, डोळ्यांत झोप आणि चेहऱ्यावर ‘सुट्टीत पुन्हा शाळा?’ हा प्रश्न!

मुलांमागोमाग आयांचे आणि बाबांचे निरोप येतात.

“ताई, हा घरात नुसता बडबडतो हो. पण चारचौघांत तोंड म्हणून उघडत नाही. एवढा धीट करून द्या.”

“हिला नाचता येतं, गाता येतं. टीव्हीत कुठे चान्स लागेल का, बघा ना!”

“आम्ही दोघंही नोकरीला. तेवढे अडीच तास तरी हातात मोबाइल नको, एवढीच अपेक्षा!”

मी तिघांनाही हसून मान डोलावते. माझे वय साठीच्या घरात आहे. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना मुले मला ‘बाई’ म्हणत. नाटकाच्या शिबिरात मात्र मी ‘ताई’ झाले आहे. केस पिकल्यावर ताई होण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते!

उन्हाळ्यातले बारा दिवस, चोवीस मुले आणि शाळेचा एक हॉल, एवढाच आमच्या शिबिराचा संसार. पण तो मांडायला मी कशी शिकले, ते सांगायचे तर आधी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. दिवाळीच्या फराळासोबत कबुलीजबाब वाढणे बरे नव्हे; पण तिच्यावाचून पुढच्या गोष्टीला अर्थ नाही.

माझे वीस पानांचे नाटक

पहिले शिबिर मी २०१५ साली घेतले. मोठ्या हौसेने एक नाटक लिहिले, विषय अर्थातच आमच्या चौकाचा. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढल्यावर शिपायांना काळ्या चबुतऱ्यापाशी देहदंड देण्यात आला. तो चबुतरा म्हणजेच आजचा क्रांती चौक. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. चौकाच्या नावात मात्र ती आठवण आधीपासूनच जपलेली आहे.

वीस पानांचे नाटक झाले. भाषा अशी ठसकेबाज, की वाचताना मीच रोमांचित होई! पाचवीतल्या एका मुलाला मी शिपायाची भूमिका दिली. चारच वाक्ये, पण खणखणीत. तालमीत तो ती घडाघडा म्हणे.

शेवटच्या दिवशी हॉल पालकांनी भरला. शिपाई रंगमंचावर आला. पहिले वाक्य आले, दुसरेही आले आणि तिसऱ्याला गाडे अडले. मी विंगेतून वाक्य पुरवले. त्याने ते थेट माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात म्हटले. लोक हसले. चौथे वाक्य पुन्हा अडले. मी पुन्हा पुरवले, पण त्या हशात त्याला ते ऐकूच गेले नाही. तेव्हा त्याने प्रेक्षकांकडे पाठ फिरवली आणि विंगेकडे बघून सरळ विचारले, “पुढे काय बोलू, ताई?”

हॉल हास्यात बुडाला. आणि खरे सांगायचे तर मीसुद्धा हसले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या आईला फोन केला, तेव्हा ती संकोचून म्हणाली, “तो नाही यायचा, ताई. म्हणतो, मला वाक्यं येत नाहीत.”

दहा वर्षांचा मुलगा. गल्लीत क्रिकेट खेळताना पंचाशी तासभर वाद घालणारा. त्याला वाक्ये येत नाहीत! ती वाक्ये मुळात होती कुणाची? माझीच ना? मी त्याच्या तोंडात माझे शब्द घातले. ते सांडले तेव्हा जग त्याला हसले, मला नाही. त्या फोननंतर मी वीस पाने कपाटात ठेवली आणि वाचायला बसले.

शिकागोतली मुले, आमची मुले

वाचता वाचता व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंची ओळख झाली. शिकागो शहरात हल हाउस नावाची एक प्रसिद्ध सेवासंस्था होती. दूरदेशांहून पोटासाठी आलेल्या गरीब कुटुंबांची वस्ती तिच्या आसपास असे. तिथे नेव्हा बॉइड या शिक्षिकेकडे स्पोलिनबाई १९२० नंतरच्या दशकात खेळांतून शिकवण्याची विद्या शिकल्या. पुढे १९३९ च्या सुमारास सरकारी योजनेत नाट्यशिक्षणाचे काम अंगावर आले, तेव्हा समोर नाना भाषांची मुले होती. त्यांना संहिता देऊन काय उपयोग? बाईंनी खेळ दिले. दोघांनी मिळून नसलेली दोरी ओढायची. एकाने आरसा व्हायचे, दुसऱ्याने त्यात बघायचे. असे दोनशेच्या वर खेळ असलेले त्यांचे पुस्तक १९६३ साली निघाले आणि आज ते जगभरच्या नाट्यशिक्षकांच्या हाताशी असते.

त्या पुस्तकातला एक विचार मला फार बोचला. मुलाच्या मोकळेपणाला जसा दटावणीने अडसर होतो, तसाच शाबासकीनेही होतो, असे बाईंचे म्हणणे. ‘छान!’ हा शब्द ऐकायची चटक लागली की मूल खेळातून मान वर काढून शिक्षकाच्या तोंडाकडे बघू लागते. मग ते खेळत नाही, परीक्षा देते.

आता आपण मराठी माणसे! मुलाने पाहुण्यांसमोर कविता म्हटली की टाळ्या आणि चुकला की ‘अरे, काल तर नीट म्हणत होतास!’ यापलीकडे तिसरे काही आपल्याला ठाऊक आहे का? पहिले काही दिवस मला जिभेला अक्षरशः गाठ मारून बसावे लागले. ‘छान’ ओठांवर येई आणि मी पाण्याचा घोट घेई. त्या वर्षी मी पुष्कळ पाणी प्यायले.

भाषेचे म्हणाल, तर आमचे शहरही काही कमी नाही. कुणाच्या घरी मराठवाडी मराठी, कुणाच्या घरी दख्खनी, कुणाची शाळा इंग्रजी, कुणाची उर्दू. पहिल्या दिवशी मुले भाषेप्रमाणे चार कोपऱ्यांत बसतात. म्हणून पहिलाच खेळ अगडमबगडम भाषेचा. कुठलाही खरा शब्द वापरायचा नाही. नुसत्या आवाजांनी आणि हातवाऱ्यांनी भाजीवाल्याशी घासाघीस करायची. पाच मिनिटांत चारी कोपरे हॉलच्या मध्यावर येतात, कारण त्या भाषेत सगळेच सारखे अडाणी!

‘हौ, आणि...’

उत्स्फूर्त नाट्याच्या जगात ‘हो, आणि’ असा एक नियम मानतात. समोरच्याने जे मांडले ते आधी मान्य करायचे आणि त्यात स्वतःची भर घालायची. “आपण बोटीत बसलो आहोत,” असे एकाने म्हटले आणि दुसऱ्याने “छे, ही बोट नाहीच,” म्हणून टाकले, की खेळ तिथेच बुडाला. “हो, आणि बोटीला भोक पडलंय,” असे म्हटले की खेळ तरला, बोट बुडाली तरी!

आमच्या मुलांनी या नियमाला मराठवाडी पेहराव चढवला. इथे होकाराला ‘हौ’ म्हणतात. तेव्हा आमचा नियम ‘हौ, आणि’ असा झाला. दिवसभर हॉलमध्ये ‘हौ, आणि वाघ आला’, ‘हौ, आणि वाघाला ताप आला’ असा घोष चालतो. एका आईने तक्रार केली, “ताई, आता घरीही हेच. मी म्हटलं, अभ्यासाला बस. तर म्हणतो, हौ, आणि तू भजी तळ!”

सगळ्यांनाच हे जमते असे मात्र नाही. एका वर्षी वक्तृत्वाच्या स्पर्धा जिंकणारी एक चुणचुणीत मुलगी आली. आवाज स्वच्छ, शब्दोच्चार घोटीव. पण ‘तुझ्या हातात एक पेटी आहे, आत काय आहे ते आम्हांला सांग,’ म्हटल्यावर ती गोंधळली. पेटीकडे बघत राहिली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “ताई, लिहून द्या ना. मी पाठ करून येते.” तिचे कौतुक करून करूनच आपण तिला असे पांगळे केले, हे त्या क्षणी मला उमगले. चौथ्या दिवशी तिच्या पेटीतून एक मांजर निघाले. फार काही विलक्षण नव्हे. पण ते तिचे स्वतःचे मांजर होते.

एक उपरणे पुरते

कुणी म्हणेल, हे सगळे विलायती खूळ आहे. मी म्हणते, थोडे मागे वळून बघा.

क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे वळलात की संत एकनाथ रंगमंदिर लागते. नाथांचे पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. सोळाव्या शतकात नाथांनी भारुडे रचली आणि त्यांत जोशी आणला, वासुदेव आणला, गोंधळी आणला. आंधळ्या-बहिऱ्यांना बोलते केले. भारूड सादर करणारा कलावंत मूळ रचना गातो खरी. पण मध्ये थांबून समोर बसलेल्या गावकऱ्यांशी आयत्या वेळी जो संवाद करतो, तो कुठल्या वहीत लिहिलेला असतो? गावचा पाटील समोर असेल तर विनोद एक, सावकार असेल तर दुसरा!

आणि आमच्या शहराचे प्रा. लक्ष्मण देशपांडे? मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात त्यांनी अध्यापन केले आणि १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याच्या बळावर गाजवले. एक माणूस आणि बावन्न पात्रे! साधनसामग्री म्हणाल तर एक उपरणे. ते डोक्याला गुंडाळले की पुरुष, डोक्यावरून घेतले की बाई. २००९ साली ते गेले. पण त्यांचे उपरणे आमच्या शिबिरात आजही हजर असते. दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या मध्ये एक साधे उपरणे टाकते आणि सांगते, “हे उपरणं नाही. काय आहे ते दाखवा.” आजवर त्याची नदी झाली, बाळ झाले, आजारी साप झाला, पतंग झाला, रेल्वेचा रूळ झाला. एका मुलाने ते नीट घडी घालून बाजूला ठेवले आणि म्हणाला, “हे आईने आत्ताच धुतलंय, कुणी हात लावू नका.” सगळे हसले, कारण प्रत्येकाच्या घरी तीच आई होती.

लिहिलेल्या बालनाट्याशी माझे भांडण नाही, हेही सांगून टाकते. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत बालरंगभूमीचा पाया घातला आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने तिचा पडदा उघडला. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या नव्या अवतारात वैभव मांगले यांनी रंगवली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले खुर्चीत पाय वर घेऊन बसली. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीचे रोप रुजले आणि मोठी माणसे मुलांच्या भूमिका करून मुलांचीच दुःखे मांडू लागली. ही नाटके मुलांनी बघावीत, मोठी झाल्यावर करावीतही. पण बघण्याचे नाटक वेगळे आणि बारा दिवसांत स्वतःचे तोंड उघडण्याचे नाटक वेगळे. मी पहिल्या वर्षी या दोहोंची गल्लत केली होती.

शिबिर चालते कसे

कुणाला आपल्या गावी असे शिबिर काढायचे असेल, तर दोन-चार अनुभवाच्या गोष्टी सांगते.

वेळ सकाळी साडेसात ते दहा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. साडेदहानंतर मुलाला घराबाहेर ठेवणे हे पाप आहे. कोपऱ्यात माठ हवाच आणि मधल्या सुट्टीत पन्हे. चोवीसच्या वर मुले घेऊ नयेत. त्यापुढे प्रत्येकाची पाळी येत नाही. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा गट निराळा, दहा ते चौदांचा निराळा. लहानांचा एक खेळ दहा मिनिटांपलीकडे ताणू नये. मोठ्यांना मात्र वेळ द्यावा. त्यांची लाज उतरायलाच पंधरा मिनिटे लागतात.

दररोजचा क्रम ठरलेला असावा. आधी अंग मोकळे करणारी धावपळ, मग लक्ष एकवटणारा आरशाचा किंवा टाळ्यांचा खेळ, मग प्रसंग. प्रसंग देताना तीनच गोष्टी ठरवाव्यात : आपण कोण, कुठे आणि काय करतो आहोत. बोलायचे काय, ते ठरवू नये. खेळ चालू असताना शिक्षकाने बाजूने एखादी हाक द्यावी : ‘दार जड आहे!’, ‘पावसाचा आवाज ऐका!’ एवढेच. अभिनय करून दाखवू नये. शिक्षकाने एकदा करून दाखवले, की चोवीस मुले चोवीस वेळा तेच करतात.

दोन बंधने कडक. कुणाच्या अंगाची, रंगाची, घरच्या धंद्याची थट्टा करून हशा मिळवायचा नाही. आणि कुणाला नको असेल, तर ‘आज मी बघतो’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

या दुसऱ्या बंधनाने माझी एकदा कसोटी पाहिली.

दार

तिसरीतला एक मुलगा आला. तीन दिवस रोज ‘आज मी बघतो’. चौथ्या दिवशी मी त्याला म्हटले, “माणूस नको होऊस. एखादी वस्तू हो.” तो विचार करून उभा राहिला आणि दोन्ही हात आडवे धरून दार झाला. त्यानंतर रोज दार. वाड्याचे दार, बँकेचे दार, राजवाड्याचे दार. मुले त्याला ढकलून आत जायची, तो गोल फिरून पुन्हा मिटायचा. तोंडातून चकार शब्द नाही.

आठव्या दिवशी त्याचे वडील आले. सभ्य गृहस्थ, पण कपाळावर आठ्या. “ताई, पोरगा घरी सांगतो, मी दार आहे. आठ दिवस शिबिराला येऊन आमचा मुलगा दार झाला? याला एखादं भाषण तरी द्या. शेवटच्या दिवशी त्याचे आजी-आजोबा येणार आहेत!”

खोटे कशाला बोलू? त्या रात्री मी कागद पुढे ओढला होता. दारासाठी दोन वाक्ये लिहिलीही. मग पाचवीतला तो शिपाई आठवला आणि मी कागद फाडला. फाडताना धीर होत नव्हता. कारण शेवटच्या दिवशी ते पोर गप्पच राहिले असते, तर त्याच्या वडिलांना मी काय तोंड दाखवणार होते?

शेवटच्या दिवशी आम्ही ‘प्रयोग’ करीत नाही. पालकांना भिंतीशी सतरंजीवर बसवतो आणि रोजचेच खेळ त्यांच्यासमोर खेळतो. त्या दिवशी प्रसंग होता लग्नघराचा. वऱ्हाडी मंडळी घाईघाईने आली, दार ढकलू लागली. दार हलेना. पुन्हा ढकलले. दार ताठ. मुले गडबडली, माझ्याकडे बघू लागली. मी सवयीने पाण्याचा घोट घेतला.

मग दार बोलले. “आधी चपला काढा. लादी आत्ताच पुसलीय!”

हॉलमध्ये एकच हशा उसळला. पण हा हशा वेगळा होता. दार मुळीच विरघळले नाही. सगळ्या वऱ्हाडाला चपला काढायला लावूनच ते उघडले. सतरंजीवर बसलेली एक म्हातारी पदराने डोळे पुसत हसत होती. शेजारी तिचा मुलगा, म्हणजे तेच गृहस्थ, मान खाली घालून हसू दाबत होते. नंतर मला म्हणाले, “हे वाक्य आमच्या आईचं आहे. रोज दारात उभी राहून हेच म्हणते.”

तो मुलगा पुढे फार बोलका झाला, असे काही नाही. पुढच्या वर्षी आला तेव्हाही दोन दिवस ‘आज मी बघतो’ होतेच. बारा दिवसांत स्वभाव पालटतो, असे सांगणारे शिबिर असेल तर मला त्याचा पत्ता ठाऊक नाही. पण त्याच्यापाशी वाक्य होते आणि ते कधी बाहेर काढायचे हे त्याने स्वतः ठरवले, एवढे खरे.

२०२५ च्या मे महिन्यात शिबिर आटोपून मी क्रांती चौकाजवळ रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारच्या चहाच्या टपरीवर चार-पाच तरुण पोरे होती. त्यांतला एक काहीतरी रंगवून सांगत होता. कधी वाहतुकीचा पोलीस होत होता, कधी घाबरलेला स्कूटरवाला, कधी मागे बसलेली त्याची बायको. गळ्यातला रुमाल तिच्यासाठी डोक्यावर जाई. मित्र पोट धरून हसत होते. त्याच्या कपाळावरचा भोवरा मी ओळखला. माझा शिपाई!

पुढे होऊन बोलावे, असे फार वाटले. दहा वर्षांपूर्वीच्या हसण्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. पण तो ऐन रंगात होता आणि मध्येच थांबवणे मला प्रशस्त वाटले नाही. रिक्षा आली, मी बसले. त्याला कुणी वाक्य पुरवीत नव्हते.

आता दिवाळीत अंगणात, गच्चीवर मुले मातीचे किल्ले करतील. तटावर मावळे ठेवतील आणि त्यांच्या वतीने आपापसांत बोलतील. फराळाचे ताट घेऊन तुम्ही जवळून जाल, तेव्हा चुकूनही ‘मावळे असं बोलत नसत’ म्हणून दुरुस्ती करू नका. ताट ठेवा आणि दोन मिनिटे आडोशाला उभे राहून ऐका. हसू आले, तर पाण्याचा घोट घ्या.